झापोरिझियाहून आलेली कॅसेट

सौदीतल्या दम्मामला आमच्या खोलीत टेपरेकॉर्डर एकच होता, आणि तो दादांचा होता. दादा आमच्या वर्कशॉपच्या स्टोअरचे प्रमुख, मुरूडच्या बाजूचे, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मी श्रीवर्धनच्या बाजूचा. पाण्याचे मोठे पंप दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून नवा लागलो होतो. खोलीत आम्ही सगळे कोकणातले, आणि गावाशी आमचं बोलणं चालायचं ते कॅसेटवर.

गावी फोन नव्हता. पत्र लिहायचं तर आईला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे अर्ध्या मोहल्ल्याला ऐकवण्यासारखं. म्हणून कुणी सुट्टीवर निघाला की प्रत्येकजण त्याच्या बॅगेत एक कॅसेट टाकायचा. परत येताना तो तीच कॅसेट घेऊन यायचा. आमच्या बोलण्यावर घरच्यांनी आपलं बोलणं भरलेलं असायचं. आम्ही ते ऐकायचो आणि पुन्हा त्याच्यावरच आपलं भरायचो. आधीचं पुसलं जातंय याचं कुणाला काही वाटत नसे. निरोप पोचला, त्याचं काम झालं.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर काही भरता येत नाही. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटींच्या पाकळ्या मोडलेल्याच यायच्या. आम्ही त्या खड्ड्यांवर चिकटपट्टी लावायचो आणि गाणी पुसून आईबाप, बायका, मुलं भरून घ्यायचो. हे मी आधीच सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं ते या सवयीतून घडलं.

कुवेतवर इराकने ताबा मिळवला तेव्हा खोलीतले काहीजण गावी गेले. आमचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला कामावर आणणाऱ्या अरब मालकाच्या तिजोरीत होते आणि पंप थांबवून चालणार नव्हतं, हे खरं. पण मी मागितला असता तर मला मिळाला असता, हेही खरं. मी मागितला नाही. जानेवारीत लढाई सुरू झाली तेव्हा खोलीत दादा आणि मी दोघेच उरलो होतो. खिडक्यांच्या फटींना आम्ही रुंद चिकटपट्टी लावली, दाराखाली ओला टॉवेल, कोपऱ्यात पाण्याचे डबे, खुंटीला कंपनीने दिलेले गॅसचे मुखवटे.

तिसरा माणूस त्यानंतर आला. आमचा मुख्य इंजिनिअर, साठी ओलांडलेला, कॅनडाचा पासपोर्ट असलेला. शेजारच्या खोबर शहरातल्या ज्या वसाहतीत तो राहायचा, तिथली बाकीची कुटुंबं निघून गेली होती, मेसचा स्वयंपाकीही पळाला होता. एके दुपारी तो हातात एक सूटकेस आणि बगलेत उशी घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

“तुमच्याकडे जेवण शिजतं असं कळलं,” तो म्हणाला.

“शिजतं. पण तिखट असतं,” दादा म्हणाले.

“मी याहून वाईट खाल्लं आहे.”

वर्कशॉपमध्ये त्याची सगळ्यांना भीती वाटायची. मी डिप्लोमावाला, म्हणून मला तो मुद्दाम ‘इंजिनिअर साहेब’ म्हणायचा, आणि माझं काही चुकलं की साहेबवर जरा जास्तच जोर द्यायचा. पण खोलीत आल्यावर तो खोलीचा झाला. बटाटे सोलायचा, भांडी घासायचा, तांदळाची भाकरी हातात उलटीसुलटी करून बघायचा. दादांनी पहिल्याच दिवशी त्याला चाचा करून टाकलं.

“चाचा, तुम्ही मूळचे रशियाचे ना?” दादांनी विचारलं.

“युक्रेन!”

“एकच ना ते?”

“तू पाकिस्तानी आहेस का?”

दादांनी भाकरीकडे बघत म्हटलं, “नाही. समजलं.”

त्याचं शहर झापोरिझिया. नीपर नावाच्या मोठ्या नदीवर वसलेलं, नदीवर धरण, धरणाच्या विजेवर चालणारे पोलादाचे आणि ॲल्युमिनियमचे कारखाने. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना दुसरं महायुद्ध तिथे पोचलं. पुढे जर्मनांनी त्याला मजुरीसाठी गाडीत घालून नेलं, आणि तो परत गेलाच नाही. परतलेल्यांवर तिकडे संशय घेतला जायचा, म्हणाला. कॅनडात संसार झाला, बायको वारली, तो वाळवंटात पंप दुरुस्त करायला आला. मागे एक बहीण राहिली होती. ती जिवंत आहे हे त्याला दोन-तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पत्रं सुरू झाली होती. आता दिवस बदलले होते, तो जाऊ शकला असता. पण दर वेळी काहीतरी निघायचं.

लढाई सुरू झाल्यावर काही दिवसांनी त्याच्या मुलीने एका माणसाबरोबर जेद्दामार्गे एक पाकीट पाठवलं. आत एक कॅसेट होती. बहिणीच्या शेजाऱ्याने तिचं बोलणं भरून कॅनडाला धाडलं होतं आणि मुलीने ते पुढे पाठवलं होतं.

त्याने ती पहिल्यांदा आमच्या देखत लावली. एका बाईचा जाडसर, घाईचा आवाज आला. म्हातारा उभाच होता, तो पलंगाच्या कडेवर बसला. मग टेप थांबवून म्हणाला, “ही आई बोलते आहे.”

“आई? जिवंत आहेत?” मी विचारलं.

“नाही. बहीणच आहे. पण आवाज आईचा आहे. मी निघालो तेव्हा हिचा आवाज चिमणीसारखा होता.”

पुढच्या काही संध्याकाळी तो रोज थोडी थोडी कॅसेट लावायचा आणि आमच्यासाठी इंग्रजी-हिंदीच्या खिचडीत सांगायचा. तिची दोन वाक्यं झाली की टेप थांबवायची, तिच्यावर ओरडायचं किंवा हसायचं, मग आमच्याकडे वळायचं. मध्येच इराकी क्षेपणास्त्राचा सायरन झाला की आम्ही तिघे मुखवटे चढवून बसायचो. मुखवट्यातूनही तो सांगत राहायचा आणि आम्हाला फक्त घुं घुं ऐकू यायचं. दादा मुखवट्यातून मान डोलवायचे, जणू सगळं पटलं.

तिने सांगितलं ते असं. पहिल्यांदा धरण फोडलं ते जर्मनांनी नाही, माघार घेणाऱ्या आपल्याच सैन्याने, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. खालच्या कुरणातल्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे आजोबा शेळी घेऊन तिथे गवत कापायला गेले होते. शेळी आली, आजोबा आले नाहीत. मग नदीच्या एका काठावर शत्रू आणि दुसऱ्या काठावर कारखाने, अशा अवस्थेत लोकांनी यंत्रं सुटी करून आगगाडीवर चढवली आणि पूर्वेला पाठवली. वडील आपल्या लेथबरोबर गेले. नंतर जर्मन आले, जाताना त्यांनीही उरलंसुरलं उडवलं.

लढाई संपल्यावर ती सोळा वर्षांची होती. तिला विटांवर लावलं. पडलेल्या कारखान्याच्या ढिगाऱ्यातून अख्खी वीट निवडायची, तिच्यावरचा जुना चुना हातोडीने खरवडायचा आणि रचून ठेवायची. सगळ्या बायकाच होत्या. वाऱ्याकडे पाठ करून ओळीने बसायच्या. त्याच विटांनी पुन्हा भिंती उठल्या. त्या वर्षांत दुष्काळ पडला आणि आई गेली. धरणाची वीज परत आली त्या दिवशी लोक रस्त्यावर रडत होते, आणि ही मात्र चिडली होती, कारण वीज आल्यामुळे दुसरी पाळी सुरू होणार होती. मग ती पोलाद कारखान्यात क्रेन चालवू लागली आणि म्हातारी होईपर्यंत चालवत राहिली. छताखालच्या केबिनमधून नदी दिसते का असं कुणी विचारलं की ती सांगायची, “धूर दिसतो. धुरापलीकडे नदी असेल असं धरून चालायचं.”

तो धूर तिच्या छातीत राहिला होता. कॅसेटवर ती दर थोड्या वेळाने खोकायची आणि खोकून झालं की मघाशी कुठे होते हे स्वतःलाच विचारायची.

एकदा ती सलग बोलली आणि म्हाताऱ्याने सांगितलं, “हवा थंड आहे म्हणते.”

“चाचा, बाई एवढी बोलली आणि हवा थंड एवढंच?” दादा म्हणाले. “मधलं कुठे गेलं?”

“मधे खोकला होता.”

दादा माझ्याकडे बघून हळूच मराठीत म्हणाले, “ह्यो म्हातारा मधलं गिळतो रे.”

मला एक कबूल करायचं आहे. बाहेर लढाई होती, कुवेतच्या दिशेने रोज विमानं जात होती, तिकडे माणसं मरत होती. घरी आई तसबीहचे मणी ओढत बसलेली असणार हे मला माहीत होतं. आणि मी त्या खोलीत सुखात होतो. कांद्याचा वास, म्हाताऱ्याची बहीण, दादांची थट्टा. एवढी शांतता मला त्याआधी कधी लाभली नव्हती आणि नंतरही फारशी लाभली नाही. अजून मला त्याची लाज वाटते.

मग एका गुरुवारी तो म्हणाला, “उद्या एक माणूस रियाधला निघतो आहे. त्याच्याबरोबर मुलीकडे पाठवता येईल. मला बहिणीला उत्तर द्यायचं आहे. तुम्ही लोक कसं करता?”

“सोपं आहे. मी लावून देतो. तुम्ही लाल बटण दाबा आणि बोला,” मी म्हणालो.

टेपरेकॉर्डरमध्ये तिचीच कॅसेट होती. मी ती बाहेर काढली. पाकळ्या मोडलेल्या होत्या. कुणीतरी, त्या शेजाऱ्याने किंवा मुलीने, त्या जाणूनबुजून मोडल्या होत्या. हे माझ्या डोळ्यांना दिसलं, पण मनापर्यंत पोचलं नाही. खिडकीला लावायच्या चिकटपट्टीचा रीळ तिथेच पडला होता. मी दोन तुकडे कापले, खड्ड्यांवर दाबून बसवले, कॅसेट मागे सुरुवातीपर्यंत गुंडाळली आणि आत घातली. दादा आणि मी बाहेर जाऊन बसलो, म्हणजे त्याला मोकळेपणाने बोलता येईल. नवी कॅसेट हवी का, हे मी विचारलं नाही. त्यानेही बघितलं नाही. आमच्याकडे उत्तर असंच द्यायचं असतं, त्यात विचारायचं काय?

पाऊण तासाने त्याने दार उघडलं. डोळे लाल होते, पण चेहरा हलका वाटत होता. जेवण झालं. हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, “इंजिनिअर साहेब, आता तिची लावा. तो क्रेनचा भाग पुन्हा ऐकू.”

मी म्हणालो, “तिची?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतः उठला आणि बटण दाबलं. त्याचा स्वतःचा आवाज आला. त्याने पुढे पळवली, पुन्हा लावली. त्याचाच आवाज. पुन्हा पुढे. दादा म्हणाले, “या अल्लाह.”

मी काहीतरी बोललो. आमच्याकडे असं करतात, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, असंच काहीसं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वर्कशॉपमध्ये एका नटासाठी ओरडणारा माणूस नुसता बटणं दाबत राहिला.

त्याचं बोलणं तिच्यापेक्षा थोडं कमी भरलं होतं. म्हणून बाजू संपता संपता एकदम खरखर झाली आणि बाईचा आवाज आला. आधी खोकला, बराच वेळ. मग पाच-सहा वाक्यं, सावकाश. मग कुणाला तरी काही विचारल्यासारखं झालं, आणि खट्.

दुसरी बाजू कोरीच होती. तेवढंच राहिलं होतं.

“काय बोलली?” दादांनी विचारलं.

“काही नाही. बंद झालं का, असं विचारते आहे.”

“त्याच्या आधी, चाचा.”

त्याने चष्मा काढला. “त्याच्या आधी म्हणते, मला कॅसेट पाठवू नकोस. मी यंत्रांशी आयुष्यभर बोलले आहे. डॉक्टर म्हणतो फुप्फुसं संपत आली. यायचं असेल तर ये. येणार नसशील तर उत्तर देऊ नकोस, मी समजेन.”

हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिथे तो नुसता ‘खोकला’ सांगायचा.

“आणि तुम्ही काय उत्तर भरलंत?” मी विचारलं.

“इथे लढाई चालू आहे. विमानतळ बंद आहे. पुढच्या वर्षी बघू.”

मी माझ्या बिछान्यावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या वर्षी ती नसली, तर माझ्या दोन बोटं चिकटपट्टीने सगळंच पुसलं गेलं होतं. तिचा आवाज, आणि त्याच्या आईचाही. मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, “जा, झोप.” मी गेलो, पण झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी रियाधला जाणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट गेली नाही. शुक्रवारची नमाज पढून आम्ही परतलो तर म्हातारा टेबलाशी बसला होता.

“तुम्ही दोघांनी सगळं ऐकलं आहे,” तो म्हणाला. “सांगा. सुरुवातीपासून सांगा, ती काय म्हणाली.”

“तुम्हीच सांगितलंत ना आम्हाला,” दादा म्हणाले.

“मला माझं आणि तिचं वेगळं करता येत नाही. तुम्ही सांगा.”

मग आम्ही सांगायला लागलो. मला विटा आठवत होत्या, क्रेन आठवत होती. दादांना खाणं तेवढं आठवत होतं. दुष्काळात बायका काय उकळून खायच्या, बटाट्याच्या सालींची भाकरी कशी करायच्या, हे ते असं सांगत होते जणू मुरूडलाच घडलं.

“आणि ती पांढरी शेळी एकटी घरी आली,” दादा म्हणाले.

“पांढरी नव्हती!”

“तुम्हीच बोललात पांढरी.”

“मी बोललो नाही. शेळी काळी होती. मी तिला चारा घालायचो, मला माहीत आहे!”

“मग बाई पांढरी बोलली असेल.”

“तिला काय कळतं, ती बारा वर्षांची होती!” तो ओरडला, आणि एकदम थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “मला तिला विचारावं लागेल.”

ते त्याने शेळीबद्दल म्हटलं असेल. पण त्यानंतर त्याचं बोलणं बदललं. विमानतळ कधी उघडेल, हे तो रोज येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला. आधी तोच प्रश्न तो कधी विचारत नसे. कफीलच्या ऑफिसात जाऊन त्याने पासपोर्ट आणि देश कायमचा सोडण्याचा शिक्का मागितला. कफील म्हणाला, लढाई संपेपर्यंत थांबा, पंपांचं काय? म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा आहे.” या वेळी तो साहेब म्हणाला नाही.

मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, त्याची वस्तू मी मोडली आणि तो मला आपली जागा देतो आहे. आजही मी नीट ठरवू शकत नाही की त्याने मला माफ केलं होतं, की मी त्याला त्या क्षणी महत्त्वाचाच राहिलो नव्हतो. दुसरं खरं असेल तर तेही बरंच.

मधल्या दिवसांत त्याला तिच्या खोकल्याची चिंता होती. कॅसेटच्या शेवटचा तुकडा तो रोज संध्याकाळी एकदाच ऐकायचा, जास्त ऐकला तर झिजेल म्हणून. मी चिकटपट्टी काढून टाकली होती. दादांनी आपली एक गाण्याची कॅसेट त्याला नवं उत्तर भरायला देऊ केली. तो म्हणाला, “नको. तिने उत्तर देऊ नकोस म्हटलं आहे.”

लढाई थांबली. काही आठवड्यांनी विमानं सुटू लागली आणि तो कॅनडामार्गे निघाला. विमानतळावर त्याने दादांना मिठी मारली. मला म्हणाला, “पोचेपर्यंत ती असेल की नाही, माहीत नाही. नसली तर तुला कळवणार नाही. तू उगाच आयुष्यभर ओझं वाहशील, तुझा स्वभाव तसा आहे.”

“आणि असली तर?”

“असली तर बघू.”

म्हणजे न कळवणं हेच उत्तर होतं. उन्हाळा आला. ऑफिसात फोन वाजला की माझा हात थांबायचा. पंपांची जबाबदारी माझ्यावर आली होती, मीही आता नटासाठी ओरडू लागलो होतो. दादा म्हणायचे, “पोस्ट तिकडची सावकाश असते.” मग तेही म्हणेनासे झाले. त्या महिन्यांत आईची कॅसेट आली. मी ती ऐकली आणि पाकळ्या मोडून पेटीत ठेवून दिली. उत्तरासाठी बाजारातून नवी आणली. आईने पुढच्या खेपेला विचारलं, जुनी हरवली का रे, एवढ्या चांगल्या कॅसेटी कशाला वाया घालवतोस?

एका सकाळी ऑफिसातल्या सुदानी कारकुनाने मला वर्कशॉपमधून बोलावलं. “यल्ला, फोन. लांबचा आहे.”

मी हात पुसत धावलो. खरखरीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, नेहमीसारखा ओरडता. तो झापोरिझियाच्या पोस्टातून बोलत होता, कॉल लागायला अर्धा दिवस थांबला होता. मी विचारण्याआधीच मागून कुणीतरी खोकलं. बराच वेळ. तो खोकला मला ओळखीचा होता.

“ती तुझ्याशी बोलणार म्हणते,” तो म्हणाला. “मी सांगितलं, तुला एक अक्षर कळणार नाही. ऐकत नाही.”

मग ती बोलू लागली. जाडसर, घाईचा आवाज, मधे श्वासाला थांबणारा. कॅसेटवर बोलायची तशी ती समोरच्याच्या उत्तरासाठी थांबत नव्हती. मी मराठीत “हो, हो” म्हणत राहिलो. मला रडू येत होतं आणि कारकून माझ्याकडे बघत होता.

म्हाताऱ्याने फोन परत घेतला. “बरा आहेस का, एवढंच विचारते आहे म्हातारी.”

“चाचा,” मी म्हणालो, “एवढं बोलल्या त्या. मधलं सांगा.”

तिकडे तो हसला. मग म्हणाला, “म्हणते, माझा आवाज पुसणारा मुलगा तूच का? चांगलं केलंस. ठेवला असता तर हा तो ऐकत तिकडेच बसला असता.” त्याने पुढचंही सांगितलं, “आणि म्हणते, मी आल्यापासून फार बोलतो, तिला दम लागतो.”

मागून ती पुन्हा काहीतरी म्हणाली, तोही तिला काहीतरी म्हणाला, दोघांचे आवाज एकमेकांवर चढले. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. ते मला विसरून भांडत होते. मी लाइन तुटेपर्यंत ऐकत राहिलो.